टिटवी, साग आणि संत्र्याचा ताण



सोनाळ्यातलं हे व्याख्यान रात्री साडेआठला ठेवलंत, तिथेच माझा थोडा विषय तुम्ही संपवलात. उन्हातून निभावायची पहिली युक्ती म्हणजे वेळ बदलणं. आपल्या अंबाबरव्याच्या जंगलात अस्वल हेच करतं, साळिंदरही हेच. दुपार कपारीत नाहीतर बिळात काढायची आणि दिवेलागणीनंतर बाहेर पडायचं.

पण ज्याला जागा सोडता येत नाही, त्याने काय करावं? टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या रानात चार खडे सारखे करते आणि तिथेच अंडी घालते. त्या अंड्यांवरून आपण पावसाचा अंदाज बांधतो. माझं म्हणणं, अंडी राहू द्या, टिटवीकडे बघा. मे महिन्याच्या दुपारी ती अंडी उबवायला बसत नाही, ती तापू नयेत म्हणून बसते. अंगाची सावली पुरेना झाली की डबक्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने परत येऊन बसते. पाणी सुकताना उष्णता घेऊन जातं. नर-मादी दोघंही हे करतात.

शरीरापेक्षा भोवताल जास्त तापला की अंगातली उष्णता काढायला पाणी सुकवणं हा एकच मार्ग उरतो. आपण घाम गाळतो, कुत्रं धापा टाकतं. कावळ्याला घामाच्या ग्रंथीच नाहीत, म्हणून तो चोच उघडी टाकून बसतो. म्हशीला त्या गाईच्या मानाने फार कमी, म्हणून तिला डबकं हवं. आपली पूर्णाथडी म्हैस भुरी. काळ्या म्हशीपेक्षा तिला ऊन थोडं कमी लागत असेल, पण चिखल तिलाही सुटत नाही. गोम अशी, की पाण्याची गरज सगळ्यात जास्त तेव्हाच पाणी सगळ्यात कमी. म्हणून मी याला उन्हाचा नाही, पाण्याचा प्रश्न म्हणतो.

उंटाने तो वेगळ्या रीतीने सोडवला. क्नुट श्मिट-निल्सन या शरीरशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात सहारात जाऊन उंटांचं तापमान मोजलं. तहानलेला उंट अंग पहाटे ३४ अंशांच्या आसपास उतरू देतो आणि दुपारी ४०च्या वर चढू देतो. दिवसभराची उष्णता रात्रीच्या गारव्यात सोडतो. तेवढा घाम वाचतो. आपल्याला ४० ताप आला तर घरात धावपळ होते!

झाडाला ना बीळ, ना डबकं. हवा आत घ्यायला पानाची छिद्रं उघडली की पाणी बाहेर जातं. सागाचं पान सुपाएवढं, खर्च मोठा; म्हणून हिवाळा सरता सरता तो पानंच टाकून देतो. कुलू निष्पर्ण होतो, त्याची पांढरी गुळगुळीत साल ऊन परतवते. नवल मात्र मोह आणि कुसुमाचं. जुनी पानं गळाली की खर्च थांबतो, खोडात ओल भरते, मुळं खोलवर गेलेली असतातच. मग पावसाची वाट न बघता भर चैत्रात पालवी.

आता संत्र्यावर येतो. इथे तुम्ही जाणकार, मी विद्यार्थी. मृग बहार धरायचा म्हणून मे महिन्यात तुम्ही पाणी तोडता, झाडाला ताण देता. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. नवखा माणूस म्हणेल, बाग मेली. पण वाढ थांबलेली असते आणि अन्न फांद्यांत साठत असतं. पाऊस आला की नव्या फुटीबरोबर फुलं. आंबिया बहाराला हेच काम डिसेंबर-जानेवारीची थंडी करते. कोरड असो की गारठा, झाडाला दोन्हींचा सांगावा एकच: आता थांब. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, तिथे ताण लवकर बसत नाही. हलक्या जमिनीत जास्त झाला तर फांद्या वाळून सल होते. किती ताणायचं हे झाडाचा आणि जमिनीचा स्वभावच सांगतो.

माणसालाही ऊन हळूहळू अंगवळणी पडतं. उन्हात रोज थोडं काम केलं की दहा-चौदा दिवसांत शरीर बदलतं. घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. कूलरपुढे बसून हे होत नाही. तेव्हा नवतपात पुण्या-मुंबईचे पाहुणे लग्नाला आले, तर त्यांना पहिल्याच दिवशी दुपारच्या वरातीत नाचवू नका. नाचायचंच असेल तर त्यांनी पंधरा दिवस आधी यावं. तेवढे दिवस जेवू घालायची तयारी मात्र वधूपित्याने ठेवावी.