आतड्यांचे कार्यात्मक विकार आणि अ‍ॅक्युपंक्चर



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानाचा विषय असा आहे, की ज्याची वाच्यता घरातही संकोचानेच होते. पोट साफ होत नाही, जेवताच पोट फुगते, कळ येते, कधी मलावरोध तर कधी जुलाब. रक्ततपासणी, सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी सर्व होते आणि अहवाल निर्दोष येतात. मग घरची मंडळी म्हणतात, ‘हे मनाचे खेळ आहेत.’ जालन्याच्या बाजारपेठेत दिवसभर गादीवर बसणारा व्यापारी असो वा सर्वांच्या शेवटी जेवणारी गृहिणी असो, त्रासापेक्षा हा अविश्वासच त्यांना अधिक बोचतो.

अहवाल निर्दोष असणे म्हणजे व्याधी नसणे नव्हे. आतड्यांची रचना अबाधित असते, परंतु त्यांच्या हालचालीचा ताल बिघडतो. आतडी आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंद्वारे सतत देवाणघेवाण चालते. ती बिघडली की इतरांना जाणवतही नाही इतका वायू अशा रुग्णाला वेदना देतो. यालाच आतड्यांचा कार्यात्मक विकार म्हणतात. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम आणि जुनाट मलावरोध हे त्याचे दोन परिचित प्रकार होत.

या विकारावर ज्या उपचारांचा विचार होतो, त्यांत अ‍ॅक्युपंक्चर हा एक आहे. भारतातील त्याच्या आगमनाचा धागा महाराष्ट्राच्या एका सुपुत्राशी जोडलेला आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. रुग्णसेवा करीत असतानाच १९४२ साली त्यांचे तेथे निधन झाले. त्यांचे सहकारी, बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू, १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि त्यांनी ती भारतात रुजवली. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. २०१९ मध्ये केंद्र शासनानेही तिला स्वतंत्र चिकित्सा पद्धती म्हणून मान्यता दिली.

या पद्धतीत केसासारख्या बारीक, निर्जंतुक सुया ठरावीक बिंदूंवर टोचतात. पोटाच्या विकारांसाठी नाभीच्या दोन्ही बाजूंचे आणि गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरील अंगाचे बिंदू विशेषत्वाने वापरले जातात. कधी सुयांना सौम्य विद्युत्प्रवाहही जोडतात.

गुण किती येतो, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावयास हवे. जुनाट व तीव्र मलावरोधाच्या १,०७५ रुग्णांवर चीनमधील १५ रुग्णालयांत झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांच्या विद्युत-अ‍ॅक्युपंक्चरनंतर सुमारे ३१ टक्के रुग्णांना आठवड्यातून किमान तीन वेळा समाधानकारक शौच होऊ लागले. नकली उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. लाभ खरा आहे, परंतु तो सर्वांना झाला नाही.

इरिटेबल बॉवेलबाबत मात्र चित्र वेगळे आहे. २०१२ साली १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात खऱ्या सुया नकली सुयांहून सरस ठरल्या नाहीत. काही औषधांच्या तुलनेत त्या उजव्या दिसल्या, पण तेथे कोणता उपचार मिळतो आहे हे रुग्णांना ठाऊक होते.

२००८ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील एक प्रयोग याहून उद्बोधक आहे. त्यात इरिटेबल बॉवेलच्या २६२ रुग्णांचे तीन गट केले होते. केवळ वाट पाहणाऱ्या गटात २८ टक्के रुग्णांना पुरेसा आराम वाटला. त्वचेत न शिरणाऱ्या नकली सुया लावलेल्या गटात ४४ टक्क्यांना वाटला. तिसऱ्या गटालाही नकलीच सुया होत्या, पण चिकित्सकाने प्रथम पाऊण तास आस्थेने विचारपूस केली होती. तेथे हे प्रमाण ६२ टक्के झाले. ज्याचे दुःख कोणी ऐकून घेतले, त्याच्या आतड्यांनाही विसावा मिळाला. सुया टोचणे प्रत्येकाला जमणार नाही, पण ऐकून घेणे प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे.

आता काही पथ्ये. शौचातून रक्त पडणे, अकारण वजन घटणे, रक्तक्षय, ताप, झोपेतून उठवणारी वेदना किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असल्यास सुयांपूर्वी डॉक्टरांकडून तपासणी अनिवार्य आहे. सुया नव्या व एकदाच वापरावयाच्या असाव्यात आणि चिकित्सक नोंदणीकृत असावा. गर्भवती, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि पेसमेकर बसविलेले यांनी तसे आधीच सांगावे. चालू औषधे परस्पर बंद करू नयेत.

उपाशीपोटी सुया घेतल्यास भोवळ येण्याचा संभव असतो. म्हणून उपवास वा अठ्ठाई चालू असताना उपचार टाळावा आणि पारण्यानंतर शरीर सावरल्यावर तो घ्यावा. चौविहार पाळणाऱ्यांनी उकळलेले पाणी दिवसभरात थोडे थोडे पण पुरेसे घ्यावे, कारण पाणी कमी पडले की मलावरोध वाढतो. या विकारात आहारतज्ज्ञ कांदा-लसूण टाळावयास सांगतात. तो नियम जैन स्वयंपाकघरात आहेच. तथापि गहू, दूध आणि काही कडधान्येही कित्येकांना बाधतात, त्यांचे निरीक्षण ज्याचे त्याने करावे.

अ‍ॅक्युपंक्चर हा चमत्कार नव्हे आणि थोतांडही नव्हे. योग्य तपासणीनंतर, योग्य हातांनी आणि मर्यादित अपेक्षेने घेतल्यास काहींना ते साहाय्यभूत होते. घरातील एखादी व्यक्ती पोटाची तक्रार पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर तिला वेडगळ ठरवू नये. प्रथम तिचे म्हणणे ऐकावे आणि मग तिला योग्य चिकित्सकाकडे न्यावे, एवढीच या प्रसंगी नम्र विनंती.

जय जिनेंद्र.