गावचा पुढारी आणि गावची नदी



चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींचं समाधिमंदिर आहे. पावसाळ्यात नदी फुगू लागली, की घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जातात. पाणी आणखी चढलं, की मंदिराच्या आवारात शिरतं. काठावरच्या जुन्या माणसांना सरकारी मोजपट्टीची फारशी गरज भासत नसे. "पाणी देवळाला लागलं का?" एवढा एकच प्रश्न विचारायचा. उत्तर आलं, की सामानसुमान उचलायचं का थांबायचं, ते ठरवायचं.

आज मला बोलायचं आहे ते गावच्या पुढाऱ्याविषयी. आता तुम्ही म्हणाल, पुढाऱ्याची गोष्ट सांगायची तर हे गृहस्थ नदीपासून का सुरुवात करतात? जरा धीर धरा. बोलण्याच्या ओघात ते ध्यानात येईल.

पुणे जिल्ह्याच्या हवेली तालुक्यात अण्णासाहेब मगर नावाचे पुढारी होऊन गेले. हडपसरला त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. तिथं शिकणाऱ्या पुष्कळ मुलांना मात्र ते नाव पाटीवरचं म्हणूनच ठाऊक असेल. मगर हे शेतकऱ्यांमधले पुढारी. मुठेच्या कालव्यावर ऊस आणि भाजीपाला पिकवणारा हा मुलूख. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढं खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही, आणि पुणं शहर पाण्याखाली गेलं. त्या दिवशी शहरातली घरं वाहून गेली हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण ज्या धरणावर कालवा अवलंबून होता तेच धरण फुटलं, म्हणजे कालव्याखालच्या बागाइतीच्या पोटावरही पाय आला. पाणी जास्त झालं तरी शेतकरी मरतो आणि आटलं तरी मरतो, हे त्या पिढीनं एकाच वर्षात पाहिलं.

मगरांच्या कामाचा एक भाग शेतीचा. थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो त्यांच्या पुढाकारानं. सहकारी कारखान्याची रीत आपल्याला माहीत आहेच. शेतकऱ्यानं शेअर घ्यायचा, ऊस घालायचा, आणि मालकही आपणच व्हायचं. गुळाच्या भावासाठी अडत्याच्या तोंडाकडं बघत बसायचं नाही. एका शेतकऱ्याला कारखाना काढणं हे स्वप्नातसुद्धा शक्य नाही; हजारोंना एकत्र आणलं तर शक्य होतं. पुढाऱ्याचं खरं काम हेच, माणसं एकत्र आणण्याचं.

दुसरा भाग उद्योगधंद्याचा. हा जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात आपल्याला शिकण्याजोगं पुष्कळ आहे.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही तेव्हा चार गावं होती. ज्वारी, बाजरी, हरभरा पिकवणारी, नदीकाठानं थोडंफार माळवं करणारी. फाळणीनंतर पिंपरीला सिंधी निर्वासितांची छावणी वसली. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलीन आपल्या देशात बनू लागलं. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालं. मग या माळावर मोटारीचे, स्कुटरचे, बेअरिंगचे कारखाने एकापाठोपाठ एक येऊ लागले. मराठवाड्यातून, कोकणातून, पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी भागातून माणसं कामाला आली.

आता विचार करा, या माणसांनी राहायचं कुठं? प्यायला पाणी कुणी द्यायचं? गटार कुणी बांधायचं? चार गावांच्या चार ग्रामपंचायती. एकेका पंचायतीचं उत्पन्न ते केवढं! कारखाना एका गावच्या शिवारात, कामगारांची चाळ दुसऱ्या गावात, आणि सांडपाण्याचा ओढा तिसऱ्याच्या वावरातून जाणारा. एकट्या गावानं काही करावं अशी परिस्थितीच उरली नव्हती.

४ मार्च १९७० रोजी या चार गावांची मिळून एक नगरपालिका झाली आणि अण्णासाहेब मगर तिचे पहिले नगराध्यक्ष झाले. कारखान्यात येणाऱ्या मालावर जकात बसायची, ती नगरपालिकेच्या तिजोरीत जमा व्हायची, आणि त्या पैशातून रस्ते, पाणी, दिवे, शाळा, दवाखाने होत गेले. आशिया खंडातली सर्वांत श्रीमंत नगरपालिका असा पुढं तिचा लौकिक झाला. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. जकात २०१३ साली गेली, तोवर या शहराचा संसार मुख्यतः तिच्यावरच चालला. मगर १९७७ साली खेड मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. पण लोक त्यांची आठवण काढतात ती दिल्लीमुळं नव्हे, या चार गावांमुळं.

हे झालं जमेच्या बाजूचं. पण वहीला खर्चाची बाजूही असते, आणि प्रामाणिक माणसानं ती लपवू नये.

पहिला खर्च जमिनीचा. नगरपालिका झाली त्यानंतर दोन वर्षांनी, १९७२ साली, नवनगर विकास प्राधिकरण निघालं. कामगारांना स्वस्तात घरं मिळावीत हा हेतू चांगलाच होता. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी संपादन झाल्या. पुढं साडेबारा टक्के जमीन परत मिळावी म्हणून त्या कुटुंबांना वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले. आजोबांनी अर्ज केला आणि नातवानं त्याची चौकशी केली, अशी घरं या पट्ट्यात कमी नाहीत. २०२१ साली ते प्राधिकरणच विलीन झालं.

दुसरा खर्च पाण्याचा. पवना धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी पुरं झालं. ज्यांची गावं बुडाली त्या पवन मावळातल्या लोकांचं पुनर्वसन रेंगाळलं. धरणाचं पाणी नदीत सोडायचं आणि शहरासाठी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलायचं, अशी व्यवस्था चालत आली. वाटेवरच्या शेतकऱ्यालाही त्या वाहत्या पाण्याचा आधार होता. ते पाणी बंद नळातून थेट शहराला न्यायचं ठरलं तेव्हा मावळचा शेतकरी रस्त्यावर आला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावापाशी आंदोलन झालं, पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात तीन शेतकरी मरण पावले. शहराला पाणी हवंच. शेतालाही हवंच. दोघांना एका बैठकीत बसवून वेळेवर तोड काढणारा माणूस नसला, की काय घडतं ते त्या दिवशी दिसलं.

आणि तिसरा खर्च पुराचा. इथं आपण पुन्हा नदीपाशी आलो.

पूर का येतो? पाऊस पडतो म्हणून, असं आपण म्हणतो. पण पवनेचं गणित जरा समजून घेऊ या. पावसाळ्याच्या आरंभी धरण रिकामं असतं. घाटमाथ्यावरचा पाऊस ते पोटात घेतं आणि खालच्या गावांना नदी शांत दिसते. जुलै-ऑगस्टात धरण भरत आलं, की मात्र वरून येईल तेवढं पाणी खाली सोडावंच लागतं. हे पाणी दापोडीजवळ मुळा नदीला मिळतं. त्याच वेळी मुळेला मुळशीकडून पूर आला असेल, तर पवनेच्या पाण्याला पुढं जायला वाट मिळत नाही. ते मागं तुंबतं, आणि ओढ्यानाल्यांतून उलटं वस्तीत शिरतं. म्हणून सांगवी, दापोडी, पिंपळे निलख या भागांना पुराचा धोका मोठा. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२४ च्या जुलैत लोकांनी ते पुन्हा अनुभवलं.

त्यात नदीचं पात्र अरुंद झालेलं. घर पाडल्याचा राडारोडा काठावर टाकायचा, तो सपाट करायचा, आणि त्यावर प्लॉट पाडायचे. ज्या वावरात पूर्वी पुराचं पाणी दोन दिवस पसरून गाळ ठेवून जायचं, तिथं आता भिंती उभ्या. पाणी तेवढंच आहे हो, जागा कमी झाली.

कायद्यानं नदीला दोन रेषा आखून दिल्या आहेत. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा मोठा पूर जिथवर जातो ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला बंदी आहे. पण ही रेषा सातबाऱ्यावर लिहिलेली नसते. गुंठ्यागुंठ्यानं जमीन विकणारा ती सांगत नाही, आणि घेणाऱ्यालाही विचारायचं सुचत नाही. १७ मे २०२५ रोजी चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले महानगरपालिकेनं पाडले. हरित लवादाचा तसा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. आयुष्यभराची पुंजी घालून बांधलेली घरं एका दिवसात गेली. नदी वाचवायलाच हवी होती, यात शंका नाही. पण पहिला दगड बसला त्या दिवशी कुणी हटकलं असतं, तर ती माणसंही वाचली असती.

मंडळी, हे सारं मी कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. मगरांच्या पिढीपुढं प्रश्न होता तो हाताला काम देण्याचा, आणि तो त्यांनी धडाडीनं सोडवला. थेऊरच्या कारखान्याचं धुराडं २०११ साली थंडावलं आणि पुढं वर्षानुवर्षं पेटलं नाही. म्हणून काही कारखाना काढणं ही चूक ठरत नाही. एवढंच दिसतं, की काढणाऱ्यामागून सांभाळणारा लागतो. शेती, धंदा आणि नदी ही तीन खाती एकाच वहीत मांडायला हवीत. एक खातं दुसऱ्या माणसाच्या हाती गेलं, की हिशोब चुकतो.

आज या गोष्टीची गरज कुणाला आहे? चाकणच्या भोवतालच्या गावांना. पूर्वी चाकण म्हटलं, की कांद्याचा बाजार डोळ्यांपुढं यायचा. तो बाजार आजही भरतो, पण त्याच्या शेजारून मोटारींचे कंटेनर रात्रंदिवस धावतात. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी १९७० साली जिथं उभी होती, तिथंच आज भामा आणि इंद्रायणीच्या काठची गावं उभी आहेत. त्यांना एक मोठा फायदा आहे. पुढच्या गाडीची चाकोरी त्यांना दिसते आहे.

या बाबतीत परदेशातलं एक उदाहरण ऐकण्यासारखं आहे. हॉलंड देशात १९९३ आणि १९९५ साली नद्यांना मोठे पूर आले. मग त्या सरकारनं ठरवलं, की बांध उंच करत बसण्यापेक्षा नदीलाच ऐसपैस जागा द्यावी. ओव्हरडीप नावाच्या सखल भागातल्या शेतकऱ्यांनी तेव्हा आपण होऊन योजना मांडली. आमचे गोठे आणि घरं उंच टेकाडांवर बांधून द्या, बाकीच्या जमिनीत मोठ्या पुराच्या वेळी पाणी येऊ द्या. एरवी आम्ही तिथं शेती करू. सरकारनं ती मान्य केली. काहींना तिथून उठावं लागलं, हेही खरं. पण योजना वरून लादलेली नव्हती, बांधावर बसून शेतकऱ्यांनी केलेली होती.

आपल्याला काय करता येईल? तीन साध्या गोष्टी सांगतो.

मत मागायला येणाऱ्याला आपण रस्त्याचं विचारतो, नळाचं विचारतो. आता एक प्रश्न आणखी विचारावा: आमच्या गावची निळी रेषा कुठून जाते? पाटबंधारे खात्याचा नकाशा आणून ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावून देणार का?

दुसरी गोष्ट जमिनीची. नदीकाठचं वावर विकायची पाळी आलीच, तर विकण्याआधी आणि घेण्याआधी दोघांनीही तो नकाशा पाहावा. चुलतभावानं विकलं म्हणून आपणही विकलं, असं करू नये. काठाची जमीन गवताला ठेवा, भाजीपाल्याला ठेवा. पूर आला तर एक पीक जाईल, पण कुणाचं घर जाणार नाही.

आणि तिसरी गोष्ट शिक्षक बंधुभगिनींसाठी. गुरुजी, पुराचं पाणी ओसरलं, की दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन निघा. शाळेच्या, देवळाच्या, चावडीच्या भिंतीवर पाण्याचा डाग राहिलेला असतो. पुसायच्या आधी तिथं रंगानं एक आडवी रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. घराघरातल्या आजी-आजोबांना विचारून जुन्या पुरांच्या रेघाही ओढा. मुलांना भूगोल येईल, गणित येईल. दहा वर्षांनी कुणी तिथं प्लॉट विकायला आलं, तर ती भिंतच बोलेल.

जुन्या माणसांनी देवळाच्या पायरीवरून नदी ओळखली. ती ओळख पुसू द्यायची नाही, एवढं आपल्या हातात आहे. आणि तिच्याकडं पाहून निर्णय घेणारा पुढारी निवडणं, हेही आपल्याच हातात आहे.