मंदीवाल्यांची वकिली

बीडच्या एका वसंत व्याख्यानमालेत शेअर बाजारावर बोलायला आलेल्या वक्त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच अर्धं सभागृह अंगावर घेतलं. छोट्या कंपनीचा शेअर गडगडला की मंदीवाल्यांच्या, म्हणजे भाव पडेल या हिशेबाने विकणाऱ्यांच्या, नावाने बोटं मोडू नका, म्हणाले. बुडवतो तो भाव चढवणारा. डीमॅट (शेअरचं इलेक्ट्रॉनिक खातं), सेटलमेंट (सौद्यानंतरची शेअर-पैशांची देवाणघेवाण) वगैरे ‘तुम्हाला ठाऊकच आहे’ म्हणत उरकलं. मागच्या रांगांना ठाऊक नव्हतं.

जवळ नसलेला, उसनाही न घेतलेला शेअर विकणं ही हवेतली विक्री. छोट्या कंपनीचे बरेचसे शेअर प्रवर्तकांकडे असतात, बाजारात फिरतात ते थोडेच. तिथे असा नसलेला माल ओतला की भाव खालच्या सर्किटला, म्हणजे दिवसभरात घसरण्याच्या मर्यादेला, जाऊन बसतो, एवढं वक्त्यांनी मान्य केलं. पण अशा विक्रीला भारतात परवानगीच नाही. बाजाराची नियामक संस्था सेबीने जानेवारी 2024मध्ये ते पुन्हा बजावलं. शेअर उसने घेण्याची सोय 2008पासून आहे, पण मुख्यतः मोठ्या कंपन्यांपुरती. विकलेला शेअर देता आला नाही तर बाजार तो लिलावातून घेतो आणि भुर्दंड विकणाऱ्याच्या माथी बसतो.

मग 1982चा किस्सा निघाला आणि लांबतच गेला. 18 मार्चला मुंबईत मंदीवाल्यांनी रिलायन्सचे नसलेले शेअर विकायला काढले. 131 रुपयांचा भाव 121वर आला. समोर खरेदीदार उभे राहिले. 30 एप्रिलला त्यांनी शेअरच हातात मागितले, तेव्हा मंदीवाल्यांची पळापळ झाली, भाव उसळला आणि बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. त्याच सुमारास आईल ऑफ मॅन बेटावर नोंदलेल्या क्रोकोडाइल आणि फियास्को नावाच्या कंपन्यांनीही रिलायन्समध्ये पैसे घातले होते. त्यांचे खरे मालक कोण, यावर पुढे संसदेत गदारोळ झाला. ‘मगर आणि फजिती!’ वक्ते म्हणाले आणि सभागृह हसलं.

एवढ्यात संयोजकांची चिठ्ठी आली. मुख्य मुद्दा, म्हणजे भाव चढवणारे, तसाच राहिला होता. तो त्यांनी धावतपळत मांडला: साधना ब्रॉडकास्ट या कंपनीचं प्रकरण. 2022मध्ये यूट्यूबवर तिच्याबद्दल खोट्या बातम्या पसरल्या, छोटे गुंतवणूकदार तुटून पडले आणि आधीच शेअर घेऊन बसलेल्यांनी ते त्यांच्या गळ्यात मारले. मार्च 2023मध्ये सेबीने एका चित्रपट अभिनेत्यासह 31 जणांना बाजारबंदी केली.

‘मग आमच्या सोयाबीनचा भाव कोण पाडतो?’ मागून एका शेतकऱ्याने विचारलं. वक्ते जरा चिडले, पण उत्तर त्यांच्याच पथ्यावर पडलं. सोयाबीनचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा, डिसेंबर 2021मध्येच बंद झाला. तरी 2024च्या हंगामात क्विंटलला 4892 रुपये हमीभाव असताना मराठवाड्यातल्या बाजार समित्यांत दर त्याखालीच राहिले. तिथे कुठला मंदीवाला होता?

हे उत्तर अर्धंच आहे. आयात आणि खाद्यतेलाचे दर त्यांनी वगळले. शेअरबाबतचा त्यांचा सल्ला मात्र रास्त होता: तिमाही संपल्यावर 21 दिवसांत कंपनीला भागधारणेचा, म्हणजे कोणाकडे किती शेअर याचा, तक्ता जाहीर करावा लागतो. फोनवर टिप आली तर आधी तो उघडून प्रवर्तकांचा हिस्सा घटतोय का, ते पाहा.