हिशेब आणि हमदर्दी



मुलगा एम. बी. ए. झाला म्हणजे मोठ्या कंपनीत लागला, अशी आपली समजूत असते. ती चूक नाही, पण अपुरी आहे. व्यापारशिक्षणाचा दुसराही एक उपयोग आहे.

१९७६ ची गोष्ट. चितगाव विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस शेजारच्या जोबरा गावात जात. तेथे त्यांना बांबूची स्टुले विणणारी एक बाई भेटली. बांबूसाठी लागणारे पाच टकेही तिच्याजवळ नसत. ती ते व्यापाऱ्याकडून उसने घेई आणि तयार माल त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने देई. दिवसाची कमाई पन्नास पैसे! दया कोणालाही आली असती. युनूस यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने अशा गरजूंची यादी केली. माणसे निघाली ४२, आणि सर्वांची मिळून गरज होती अवघी ८५६ टक्यांची. त्या यादीतूनच पुढे १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे कौशल्य शिकवता येते. आणंद येथे १९७९ साली स्थापन झालेल्या ‘इर्मा’ संस्थेत व्यवस्थापनाचे विद्यार्थी खेड्यात राहून शिकतात. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००७ साली सामाजिक उद्योजकतेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला.

मात्र हिशेब आहे आणि हमदर्दी नाही, असे झाले तर? २०१० साली आंध्र प्रदेशात छोट्या कर्जांच्या वसुलीचा जाच इतका वाढला की सरकारला वटहुकूम काढावा लागला. म्हणून दोन्ही एकत्रच शिकवली पाहिजेत.

मी साधा शिक्षक. माझ्या आईने काज-बटणांच्या कामावर आम्हांला शिकविले. दर नेहमी माल आणून देणारा ठरवी. आईजवळ कष्ट होते, हिशेब मांडणारे कोणी नव्हते.

पालकहो, मुलाला पगार जरूर विचारा, पण तुझ्या विद्येने कोणाचा हिशेब सुटला, हेही विचारा. आणि विद्यार्थ्यांनो, या सुटीत मोहल्ल्यातील एका कारागिराजवळ बसा. माल कोठून येतो, उसने किती, भाव कोण ठरवितो, हे वहीत लिहा. तुमच्या व्यापारशिक्षणाचा पहिला धडा तोच होय.