ल्युसर्नचा पूल



दोनच मिनिटं आहेत, म्हणून एकाच दिवसाचं सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आई, बायको आणि लेकीबरोबर स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला गेलो होतो. सकाळी कड्यात कोरलेला घायाळ सिंह पाहिला. १७९२ साली पॅरिसमध्ये मारल्या गेलेल्या स्विस सैनिकांचं ते स्मारक.

मग सरोवराच्या तोंडाशी रॉइस नदीवरचा लाकडी चॅपेल पूल. पूल चौदाव्या शतकातला. छताखाली जुनी त्रिकोणी चित्रं. १९९३च्या ऑगस्टमध्ये आग लागली, त्यात बरीचशी जळाली. पुढच्याच वर्षी पूल पुन्हा उभा राहिला, पण काही चौकटी रिकाम्याच आहेत.

आई तिथंच थांबली. "इथली चित्रं कुठं गेली रे?" मी सांगितलं. ती म्हणाली, "जागा ठेवली ते बरं केलं. इथं काहीतरी होतं, एवढं तरी कळतं."

बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दुपारी बोटीत तिनं शेजारच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. कोणी काही बोललं नाही.

आज पहिल्या रांगेत आपल्या वर्गातल्या चौघांच्या खुर्च्या रिकाम्या ठेवल्या आहेत. संयोजकांनो, त्याबद्दल मनापासून आभार.