पिल्लाची आई कुठे आहे?

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. पायदळात नोकरी केली, कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि आता तंजावरला राहतो. तंजावर हे माझ्या पत्नीचं माहेर. तिचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग इकडे आले असं घरात सांगतात. म्हणजे आमच्याकडे उलटा कारभार झालाय, नवराच सासरी नांदायला आलाय.

फौजी माणूस बोलायला उभा राहिला की लोकांना सीमेवरच्या गोष्टी हव्या असतात. आज मी कुत्र्याच्या पिल्लांबद्दल बोलणार आहे. दुकानाच्या काचेमागे विकायला ठेवलेल्या पिल्लांबद्दल. फौजेत एक रीत आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवली गेली. लांबची चाल संपवून तळावर पोचलात की पाणी आधी खेचराला आणि कुत्र्याला, मग जवानाला, सगळ्यात शेवटी अफसराला. त्यात भावनेचा भाग थोडा आणि हिशेबाचा भाग जास्त. खेचर तोंडाने पाणी मागू शकत नाही आणि उद्या ते चाललं नाही तर तुमचा दारूगोळा तिथेच पडून राहील. ही सवय लागलेल्या माणसाला काही गोष्टी दिसतात, आणि एकदा दिसल्या की दिसत राहतात.

माझ्या मेहुण्यांची नात सात वर्षांची. वाढदिवसाला तिचे आईवडील तिला घेऊन दुकानात गेले. दुकानाचं नाव घेणार नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. एका पिंजऱ्यात पाच पिल्लं होती. चार एकमेकांच्या अंगावर चढत होती आणि पाचवं कोपऱ्यात पडून होतं. पोरीने तेच मागितलं. म्हणाली, "अप्पा, ह्याला इथेच ठेवलं तर हा मरेल." बापाचं काळीज हललं. दुकानदाराने थोडी किंमत कमी केली, एक कार्ड दिलं, सोबत खाद्याची पिशवी आणि गळपट्टा विकला. पोरीने नाव ठेवलं चिन्नू.

तिसऱ्या दिवशी चिन्नूने खाणं सोडलं. चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब. मला फोन आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं, सलाइन लावलं. पार्व्हो होता. सहाव्या दिवशी पहाटे पिल्लू गेलं. मी लढाईच्या ठाण्यावर माणसं जाताना पाहिलेली आहेत, तेव्हा उगाच रडारड करणार नाही. पण त्या पिल्लाच्या पायाला सुई टोचायला शीर सापडत नव्हती, इतकं ते आटलं होतं, एवढं सांगतो.

पुढचं मात्र नीट ऐका. पोरीचा बाप दुकानात गेला. दुकानदार वाईट बोलला नाही, उलट फार सौजन्याने वागला. म्हणाला, "काळजी करू नका सर, रिप्लेसमेंट देतो." त्याच पिंजऱ्यातलं दुसरं पिल्लू उचलून त्याने पुढे केलं.

रिप्लेसमेंट! मिक्सरचं भांडं फुटलं की देतात तसं. ह्या एका शब्दात तो सगळा धंदा आला. अंडी विकणाऱ्याला माहीत असतं की ट्रेमध्ये दोनचार फुटणारच, ती तो भावात धरून चालतो. पिल्लांचंही तसंच धरलेलं आहे.

आता हे पार्व्हो प्रकरण काय आहे ते सांगतो. मी डॉक्टर नाही, पण ओरत्तनाडूला, आमच्याच जिल्ह्यात, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि चांगले पशुवैद्य ओळखीचे आहेत, त्यांचं डोकं मी पुष्कळ खाल्लंय. हा विषाणू १९७८च्या सुमारास जगात प्रथम ओळखला गेला. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून तो पसरतो आणि जमिनीवर, पिंजऱ्याच्या गजांवर, माणसाच्या चपलांवर महिनोन्‌महिने जिवंत राहतो. साध्या फिनेलवर विसंबून चालत नाही, ब्लीचिंगचं पाणी लागतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. चिन्नूचा हिशेब तुम्हीच करा. आणि ज्या घरात एक पिल्लू पार्व्होने गेलंय, त्याच घरात, त्याच फरशीवर, त्याच पिंजऱ्यातलं दुसरं पिल्लू आणून सोडायचं म्हणजे काय, हेही तुम्हीच ठरवा. मेहुण्यांनी ते घेतलं नाही. त्या घरातली फरशी आम्ही दोनदा ब्लीचिंगने घासली.

पिल्लू जन्मतं तेव्हा आईच्या पहिल्या दुधातून त्याला रोगाशी लढायची ताकद मिळते. ती हळूहळू उतरत जाते. उतरत असताना मधले काही आठवडे असे असतात की आईची ताकद रोग अडवायला पुरत नाही, पण लशीला मात्र काम करू देत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, तीनचार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. "एक इंजेक्शन झालंय सर" ह्या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. आणि नेमक्या ह्या नाजूक दिवसांत पिल्लाला आईपासून तोडतात, टोपलीत घालून बसने किंवा टेम्पोने दुसऱ्या गावी नेतात, चार ठिकाणची पिल्लं एका पिंजऱ्यात कोंबतात. जंत तर बहुतेक पिल्लांना आईच्या पोटातूनच येतात, त्यावरचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून द्यायचं असतं. ढेरपोट्या पिल्लाकडे बघून लोक म्हणतात, कसं गुबगुबीत आहे! पुष्कळदा ते जंतांनी फुगलेलं पोट असतं.

एवढी घाई का? कारण पाच आठवड्यांचं पिल्लू लोकरीच्या गोळ्यासारखं दिसतं आणि दहा आठवड्यांचं पिल्लू हातापायाने वाढलेलं, जरा बेढब दिसतं. गोळा खपतो. शिवाय दर आठवड्याचा खाण्याचा खर्च वाचतो. पण भावंडांच्या अंगावर उड्या मारून, जोरात चावलं की समोरचं केकाटतं हे शिकायचे दिवस तेच असतात. हे शिक्षण हुकलेलं कुत्रं पुढे घरातल्या पोराला चावतं. मग मालक त्याला नेतो आणि वल्लमच्या रस्त्याला कुठेतरी सोडून येतो.

चिन्नू गेल्यावर मी त्या दुकानात गेलो. भांडायला नव्हे, बघायला. दुपारचे दोन, मे महिना, तंजावरचा उन्हाळा. पिंजऱ्याचा तळ जाळीचा, त्यावर वर्तमानपत्र, पिल्लांची बोटं जाळीत अडकत होती. पाण्याचं भांडं नव्हतं. का नाही, विचारलं. काम करणारा पोरगा म्हणाला, पाणी ठेवलं की घाण करतात, गिऱ्हाईक येत नाही. पोरगा तसा चांगला होता, त्याला मिळणारा पगारही बेताचाच असणार. मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्याला विचारलं, "अम्मा एंगे?" आई कुठे आहे? त्याला वाटलं मी दुकानाच्या मालकिणीबद्दल विचारतोय. मी पिल्लाकडे बोट दाखवलं. तो हसला. असा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नसावा. मग म्हणाला, माल बाहेरून येतो, कुठून ते ठाऊक नाही.

मंडळी, काचेमागचं पिल्लू आपल्याला दिसतं. त्याची आई दिसत नाही, आणि खरा छळ तिचा चालतो. पिल्लू कसंही असो, दोनतीन आठवड्यांत सुटतं, विकलं जाऊन किंवा मरून. आई वर्षानुवर्षं कुठल्यातरी शेडमध्ये असते. माज आला की गाभण, पिल्लं झाली की महिन्याभरात काढून घ्यायची, पुन्हा गाभण. दूध आटलं, अंगावरचे केस गेले, पिल्लं कमी व्हायला लागली की तिचा उपयोग संपला.

कायदा नाही असं समजू नका. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांवरचे केंद्र सरकारचे नियम २०१७ साली आले, पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे २०१८ साली. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिच्याकडून पिल्लं घ्यायची नाहीत, लागोपाठच्या दोन हंगामांत घ्यायची नाहीत, उभ्या आयुष्यात पाचपेक्षा जास्त विणी नाहीत. पैदास करणाऱ्याने आणि दुकानदाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, जनावर कुठून आलं आणि कोणाला विकलं याची वही ठेवायची. वाचायला सुरेख आहे. तुम्ही सोलापूरला असा, इंदूरला असा की बेळगावला, जवळच्या दुकानात जाऊन भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का ते बघून या.

ह्या नियमांचं मूळ १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहे आणि त्यात तमिळनाडूचा मोठा वाटा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल, कलाक्षेत्र उभारणाऱ्या, भरतनाट्यम शिकल्या ते पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिल्लैंकडे, म्हणजे तंजावरच्याच परंपरेत. राज्यसभेत गेल्यावर त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक आणलं. सरकारने स्वतः कायदा करण्याचं आश्वासन दिलं तेव्हा त्यांनी ते मागे घेतलं, आणि १९६०चा कायदा आला. १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या त्या पहिल्या अध्यक्ष. कामाची बाई! पण त्या कायद्यात छळाबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय तो दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. साठ साली पन्नास रुपयांना वजन होतं. आज त्या दुकानातला गळपट्टा त्याहून महाग आहे.

इंग्लंडने दुसरा रस्ता धरला. तिथे वेल्समधल्या एका पैदास केंद्रातून २०१३ साली सुटका झालेल्या ल्यूसी नावाच्या कुत्रीवरून कायद्याला नाव पडलं. एप्रिल २०२०पासून दुकानदाराने किंवा दलालाने सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. घ्यायचं तर थेट पैदास करणाऱ्याकडून, पिल्लू आईजवळ असताना बघून, नाहीतर आश्रयगृहातून. फ्रान्सने २०२४पासून दुकानांतली कुत्र्यामांजरांची विक्रीच बंद केली. हा उपाय मला पटतो. तपासनीस किती ठिकाणी पोचणार? आई दाखवायची सक्ती केली की गिऱ्हाईकच तपासनीस होतं.

आपल्याकडे तर फॅशन येते. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि घरोघरी पांढरे टफी झाले. २००३ला हचच्या जाहिरातीत पग आला, मग सगळ्यांना पग हवा. कुत्रं धापा टाकून अंग थंड ठेवतं. चपट्या नाकाच्या पगला नीट धापही टाकता येत नाही. आता हस्की. बर्फात धावणारं जनावर कावेरीच्या खोऱ्यात! तमिळनाडू सरकारने २०२४च्या पैदास धोरणात हस्की, सेंट बर्नार्ड अशा जाती इथल्या हवेला न मानवणाऱ्या म्हणून वेगळ्या काढल्या, ते बरं केलं. ह्याच राज्यात राजपालयम, चिप्पिपारै, कोंबै अशी कुत्री आहेत. आपल्या मुधोळच्या घोरपड्यांनी जपलेलं कारवान आहे. फौजेने मुधोळची कुत्री प्रशिक्षणासाठी घेतली तेव्हा आम्हा लोकांना फार बरं वाटलं होतं. पण देशी जातीचंही उद्या काचेमागे हेच होऊ शकतं, तेव्हा नुसती जात बदलून भागणार नाही.

ह्या गावात, दोनशे वर्षांपूर्वी, सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात माणसांच्या औषधांबरोबर जनावरांच्या औषधांचंही काम चालायचं. सरस्वती महाल ग्रंथालयात घोड्यांवरचं सचित्र अश्वशास्त्र आहे. पाहुणे आले की मी त्यांना अभिमानाने ग्रंथालयात नेतो. येताना वाटेत ती काच लागते, तेव्हा पाहुण्यांना काय सांगावं कळत नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. दया आली म्हणून दुकानातलं आजारी पिल्लू विकत घेऊ नका. हे ऐकायला निष्ठुर वाटतं, माझ्या पत्नीलाही वाटलं. ती म्हणाली, "मग त्या कोपऱ्यातल्या पिल्लाने काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. पण तुम्ही ते उचललंत की त्या जागी सोमवारी दुसरं येतं, आणि कुठल्यातरी शेडमधली आई पुन्हा गाभण राहते. दुकानदाराला पैसे मिळतात, ते दयेपोटी मिळाले की हौसेपोटी, त्याला काय फरक? चिन्नूला पोरीने वाचवायला म्हणून घेतलं होतं. तिचा दोष तिळमात्र नाही, ती सात वर्षांची आहे. मोठ्यांनी करायचं ते वेगळं.

मी काय केलं ते सांगतो. फोटो काढले: पिंजरा, पाण्याविना पिल्लं, मागच्या भिंतीवरचं घड्याळ येईल असे. कार्ड पाहिलं. लस दिली की बाटलीवरचं लेबल कार्डावर चिकटवतात. ह्या कार्डावर नुसती पेनने तारीख, डॉक्टरांचा शिक्का नाही. चिन्नूचं वय कार्डावर नऊ आठवडे. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात साधारण आलेले असतात. डॉक्टरांनी चिन्नूचं तोंड उघडून पाहिलं तेव्हा मागच्या दाढा अजून आल्याच नव्हत्या. त्यांनी तसं लेखी दिलं. हे सगळं जोडून पशुसंवर्धन खात्याच्या जिल्हा कार्यालयाला अर्ज दिला, प्रत राज्य प्राणी कल्याण मंडळाला, आणि पोच घेतली. पोच घ्यायला विसरू नका, फौजेत चाळीस टक्के लढाई कागदावरच होते.

तीन आठवड्यांनी माणूस आला, पाहणी झाली. आता पिंजऱ्यात पाण्याचं भांडं आहे, जाळीवर फळी आहे. नोंदणीचा अर्ज दिलाय म्हणतात. माल कुठून येतो ती वही अजून मला कोणी दाखवलेली नाही, म्हणून परवा दुसरं स्मरणपत्र टाकलं.

पोरीच्या घरी सध्या कुत्रं नाही. डॉक्टरांनी काही महिने थांबायला सांगितलंय. ती रोज कॅलेंडरवर खूण करते आणि मला विचारते, "आजोबा, मोठी झालेली पिल्लं पण मिळतात ना?" मिळतात, म्हटलं. लसी पूर्ण झालेली, घराची वाट पाहणारी कितीतरी.

बरं, माझं झालं. आता तुमचे प्रश्न घेऊ या.