ब्रेकचा बाण बघायला शिकू या

आज बचतीचं, कर्जाचं बोलायचं नाही. आज गाडीच्या ब्रेकचं बोलायचं आहे. गाडी घरातल्या माणसाची, तर ब्रेकही तोच बघेल, असं आपण धरून चालतो. पण मागच्या सीटवर लेकरू मांडीवर घेऊन बसतो त्या आपणच. दवाखाना, बँक, जालन्याचा बाजार, चतुर्थीला राजूरचा गणपती, सगळं याच गाडीवर. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला, पण त्यावर दुचाकीला बंदी. आपल्याला जुनेच रस्ते, उसाच्या ट्रॉल्या आणि मध्येच आडवी येणारी जनावरं. शिवाय आता गटातल्या कितीतरी जणी स्वतः स्कूटी चालवतात.

बहुतेक गाड्यांच्या मागच्या चाकात ड्रम ब्रेक असतो. आत दोन अर्धगोल तुकडे असतात. मिस्त्री त्यांना लायनर म्हणतात, दुकानात ब्रेक शू म्हणतात. ब्रेक दाबला की ते फाकतात, ड्रमला आतून घासतात आणि हळूहळू झिजतात. आत असल्यामुळं किती उरले ते कळत नाही, असं सगळ्यांना वाटतं. पण कळतं. एकीनं ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, दुसरीनं मागच्या चाकापाशी बसायचं. ब्रेकचा दांडा चाकापाशी ज्या छोट्या पट्टीला ओढतो, तिच्या मुळाशी बहुतेक गाड्यांवर एक बाण असतो आणि शेजारी झाकणावर एक खूण. चिखल पुसला की दिसतो. दाबलेल्या ब्रेकला बाण खुणेवर आला, की लायनर संपलं. काही खोलावं लागत नाही.

गडबड होते ती नटामुळं. ब्रेक ढिला पडला की घरचे मागचा नट आवळतात आणि ब्रेक पुन्हा लागतो. पायाच्या ब्रेकला साधारण इंचभर ढील हवीच, तेवढ्यापुरतं आवळणं बरोबर. पण नट आवळल्यानं लायनर वाढत नाही! तसंच आवळत राहिलं तर शेवटी लोखंड ड्रमला घासतं. मोटारसायकलचा ड्रम चाकाच्या मधल्या भागातच असतो, तो खराब झाला की खर्च कितीतरी पटींनी वाढतो. आणि फार आवळला तर ब्रेक चिकटून राहतो, चाक तापतं, पेट्रोल जास्त जातं. आवळल्यावर गाडी मधल्या स्टँडवर लावून चाक हातानं फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे.

पुढं डिस्क असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना पॅड असतात. पॅडवर खाच असते, ती पुसट झाली की दोन्ही पॅड एकदम बदलायचे. एकच बदलून चालत नाही. हँडलवरच्या डबीतलं ब्रेक ऑइल कमी दिसलं तर आधी पॅड बघा, कारण पॅड झिजले की ऑइल खाली उतरतं. डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच ऑइल घाला.

विकत घेताना गाडीचं मॉडेल सांगा, सीलबंद खोकं मागा, त्यावरची किंमत वाचा. सुटं, बिनखोक्याचं घेऊ नका. जुनं लायनर पॉलिश पेपरनं घासून परत बसवलं तर आवाज जातो, जाडी येत नाही. काढलेलं लायनर हातात मागून घ्या. नवं शेजारी ठेवलं की फरक कळतो.

आणि एक, मिस्त्री ड्रम उघडून फुंकर मारतो किंवा हवा सोडतो, तेव्हा पोरांना तिथं उभं करू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरत, ती धूळ फुप्फुसाला वाईट. ओल्या फडक्यानं पुसायला सांगा. तो हसेल, हसू द्या.

नवं लायनर लगेच पुरतं धरत नाही. आधी मोकळ्या रस्त्यावर एकट्यानं ब्रेक लावून बघावा, सुरुवातीचे काही दिवस गाडी बेतानं चालवावी. ओढ्यातून गाडी काढल्यावरही हळू चालवत ब्रेक दोन-चारदा दाबावा, म्हणजे आतलं पाणी सुकतं.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी ती घेऊनच या. हजेरी आणि बचत झाली की अंगणात एकेक गाडी बघू. पुसायला फडकं आणा.